कुठली पिशवी?

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी रबरी वॉशर तपासायला होते. टेबलावर ढीग ओतायचा, एकेक वॉशर उचलून दिव्यासमोर धरायचा, बोटानं ताणून बघायचा. नीट असला तर हिरव्या डब्यात, चीर दिसली तर लाल डब्यात, आणि सांगता येत नसेल तर पिवळ्या डब्यात. पिवळ्यातला माल दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायचा. दिसायला चांगला म्हणून चांगला धरायचा नाही, ही तिथली पहिली शिकवण. ती मी घरी घेऊन आले. दूधवाल्याच्या मापापासून जावेच्या गोड बोलण्यापर्यंत सगळं माझ्या पिवळ्या डब्यात असायचं. आमचे हे म्हणायचे, "तू मला पण अजून पिवळ्यातच ठिवलंय."

हे आधी सांगते, कारण पुढं लिहिलंय ते अपेंडिक्सच्या दुखण्याबद्दल असलं तरी निम्मं दुखणं माझ्या स्वभावाचं होतं. ज्यांना हे ऑपरेशन सांगितलंय, किंवा ज्यांच्या घरात कुणाला सांगितलंय, त्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहितेय. माझंही लगेच खरं धरू नका. डॉक्टरांना विचारा, आणि ते नीट सांगतात का तेही बघा.

एरंडेल

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. आम्ही दोघं चिकलठाण्याला दोन खोल्यांत राहत होतो. सासू अधूनमधून गावाहून येऊन राहायची. आमचं गाव पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या वाटेवर. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात.

एके दिवशी दुपारच्या सुट्टीत डबा उघडला आणि वासानंच ढवळून आलं. बेंबीभोवती कळ सुरू झाली. शेजारची म्हणाली, गॅस झाला असेल, ओवा खा. ओवा खाल्ला, तो उलटून पडला. अर्धी सुट्टी टाकून घरी आले.

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि निदान करून टाकलं. "घटी सरकली असंल, बेंबी जाग्यावर नाय. उताणी निज, पोट चोळून देते. आन् एरंडेल घे दोन चमचे, सकाळपत्तुर मोकळी व्हशील."

मी नको म्हणाले. एरंडेल वाईट असतं हे मला माहीत होतं म्हणून नव्हे. मूल व्हावं म्हणून आत्याबाई चार वर्षं काही ना काही आणत होत्या. कधी काढा, कधी चूर्ण, कधी कुठल्याशा बाबाच्या पुड्या. मी तोंडावर हो म्हणायचे आणि मोरीत ओतायचे. त्यांच्या हातचं पातळ काहीही प्यायचं नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं. पोटाला हातही लावू दिला नाही.

पुढं डॉक्टर म्हणाले की पोट चोळलं असतं किंवा जुलाबाचं घेतलं असतं तर आतल्या आत फुटलं असतं. गरम पाण्याची पिशवीही ठेवायची नाही. म्हणजे माझा जीव माझ्या संशयी स्वभावानं वाचवला. हे मी घरात बऱ्याच वेळा ऐकवलंय. पण त्याच स्वभावानं पुढचे पंधरा दिवस माझे काय हाल केले, ते कुणाला फारसं सांगितलं नव्हतं.

दवाखान्यात

सकाळी दुखणं बेंबीवरून सरकून उजवीकडं खाली जाऊन बसलं होतं. अंगात ताप होता. ताठ उभं राहता येईना. ह्यांनी रिक्षा आणली. जालना रोडवर किती खड्डे आहेत ते मला त्या दिवशी कळलं. प्रत्येक खड्ड्याला मी रिक्षावाल्याला बोलत होते आणि तो बिचारा, "बस आ गया, भाभी," म्हणत होता.

डॉक्टरांनी पोट दाबलं. दाबताना फार नाही दुखलं, हात एकदम सोडला तेव्हा जीव गेला. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "पाळी कधी आली होती?"

मी म्हणाले, "पोट दुखतंय माझं. पाळीचं काय?"

"कधी आली होती ते सांगा ना."

"आज बाविसावा दिवस आहे. मला अठ्ठाविसाव्याला येते, एक दिवस इकडं-तिकडं नाही."

"दिवस गेलेले असण्याची शक्यता?"

चार वर्षं ज्या प्रश्नाला मी तोंड चुकवत होते तो ह्या माणसानं परक्या खोलीत, नर्ससमोर विचारला. मला राग आला. लघवी तपासली, काही नव्हतं. नाही हे मला माहीतच होतं, पण ते पुन्हा कागदावर बघून वाईट वाटलं. आज कळतं की बाईच्या पोटात उजवीकडं दुखत असेल तर हे विचारावंच लागतं. तेव्हा मनात एवढंच आलं की ह्या डॉक्टरांना माझ्या आतड्याशी देणंघेणं नाही, हे दुसरंच काहीतरी बघतायत.

सोनोग्राफीत पोटावर गार लेप लावून यंत्र फिरवत त्या डॉक्टरीणबाई शेजारच्या मुलीला इंग्रजीत काही लिहून घ्यायला सांगत होत्या. त्यात एक शब्द मी ओळखला. युटेरस. मूल होत नाही म्हणून दोन डॉक्टर करून झाले होते, त्यामुळं हा शब्द मला माझ्या नावासारखा कळायचा. मी विचारलं, "काय झालंय त्याला?" बाई म्हणाल्या, "काही नाही, पडून राहा." काही नाही म्हणणाऱ्या माणसावर तर माझा अजिबात विश्वास नसतो.

त्यानंतर डॉक्टर ह्यांना आणि आत्याबाईंना बाहेर घेऊन गेले. मला सोडून. दुखणं माझं, पोट माझं, आणि बोलणं व्हरांड्यात. दाराच्या काचेतून मला दिसत होतं. डॉक्टर हातवारे करून सांगत होते. एकाएकी आत्याबाईंचा हात तोंडाशी गेला आणि त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. ह्यांनी कागदावर सही केली.

हे आत आले तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाले?"

"अपेंडिक्स हाय. बारकं ऑपरेशन. आजच करायचं."

"मग आत्याबाई खाली का बसल्या?"

"दमलीय ती. रातभर जागी हाय."

"कागदावर काय लिहिलं होतं?"

"ऑपरेशनचंच. इंग्रजीत व्हतं."

"वाचलं?"

ह्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. म्हणजे वाचलं नव्हतं. तुमच्या घरात अशी वेळ आली तर तो कागद कुणाकडून तरी मराठीत वाचून घ्या, आणि जिचं ऑपरेशन आहे तिच्यासमोर वाचा. पाच मिनिटं लागतात. आमची ती पाच मिनिटं वाचली आणि पंधरा दिवस गेले.

मग पाणी बंद, हाताला सलाईन, बांगड्या काढल्या, मंगळसूत्र आत्याबाईंच्या हातात दिलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. एरवी त्यांना गप्प करायला मला डोकेदुखीचं निमित्त काढावं लागायचं.

ऑपरेशनच्या खोलीत तोंड बांधलेल्या माणसाला मी शेवटचं विचारलं, "काय काढणार आहात माझं?" तो म्हणाला, "आकडे मोजा." मी चारपर्यंत मोजले.

फोन

शुद्धीवर येताना आधी कान येतात, डोळे मागून. तोंड कोरडं पडलं होतं आणि पोटावर कुणी पाटा ठेवल्यासारखं जड होतं. दारापलीकडं भिंतीवर नाणं टाकायचा फोन होता. ह्यांचा आवाज ऐकू आला. गावाकडं थोरल्या भावाशी बोलत होते.

"व्हय भाऊ, पिशवी काढली. लई सुजली व्हती. नाय नाय, आता धोका नाय. ती? तिला अजून शुद्ध नाय. तिला काय एवढ्यात सांगू नको."

हे शब्द मी आजही जसेच्या तसे सांगू शकते.

आमच्या भागात बाईबद्दल बोलताना पिशवी म्हटलं की एकच पिशवी. गर्भाची. अंगावर पांढरं जातं, पिशवी काढा. कंबर दुखते, पिशवी काढा. दोन लेकरं झाली, आता काय करायची, काढून टाका. गावात तिशीतल्या कितीतरी बायका एकमेकींना दाढ काढल्यासारखं सांगतात, माझी काढली, तुझी? पण त्यांना लेकरं होती. मला नव्हतं.

मी डोळे मिटून पडून राहिले. पाळीचा प्रश्न, सोनोग्राफीतला शब्द, व्हरांड्यातलं बोलणं, न वाचलेला कागद, आत्याबाईंचं खाली बसणं. एकेक तुकडा उचलून मी दिव्यासमोर धरला आणि सगळे एकाच ठिकाणी नेमके बसले. माझं मूल ह्यांनी सही करून टाकलं होतं. रडायला आलं, पण रडलं की टाके ओढायचे, म्हणून तेही करता येईना.

वारा

ऑपरेशननंतर दवाखान्यात तुमची किंमत एकाच गोष्टीवर ठरते. वारा सरला का? डॉक्टर विचारतात, नर्स विचारते, झाडणारी विचारते, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा भाऊ विचारतो. आतडं पुन्हा चालू झालं की नाही ते त्यावरून कळतं, तोवर पोटात पाण्याचा थेंब नाही. आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं की हे चारचौघांत बोलायचं नाही. इथं त्यावर चहा अवलंबून होता.

आमच्या वॉर्डात शमीम खाला नावाची आया होती. साठीची, ठसठशीत, तोंडात कायम लवंग. ती दर तासाला यायची. "क्या मा, हवा निकली क्या? शरमाने का नै. हवा निकले बगैर चाय नै मिलती."

मला वाटायचं, हाही काहीतरी डाव असेल, मला बोलत ठेवायचा. पण तिनंच मला उठून बसायला शिकवलं. कुशीवर व्हायचं, पाय खाली सोडायचे, हातानं रेटा द्यायचा, पोटाला ताण द्यायचा नाही. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरायची. दुसऱ्या दिवशी तिनं मला धरून खाटेभोवती चालवलं, आणि तिसऱ्या फेरीला जे व्हायचं ते झालं. खाला टाळी वाजवून वॉर्डभर ओरडली, "निकली!" समोरच्या खाटेवरच्या म्हातारीनं हात जोडले. अर्धा कप काळा चहा मिळाला. त्यापेक्षा चांगला चहा मी अजून प्यायलेली नाही.

पण तो कप ह्यांनी हातात दिला म्हणून मी आधी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. हे मला मोसंबी सोलून द्यायला लागले होते. बिया काढून. चार वर्षांत ह्या माणसानं स्वतःचं ताट उचललं नव्हतं. मोसंबी सोलतोय म्हणजे माझं काहीतरी मोठं गेलंय, ह्यात मला शंका उरली नाही. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. त्यांना वाटलं, दुखतंय म्हणून गप्प आहे. ते आणखी मोसंबी आणायचे.

आत्याबाई खाटेशेजारी बसून असायच्या. माझ्या डोळ्याला डोळा द्यायच्या नाहीत. मी झोपलेय असं वाटलं की पदरानं डोळे पुसायच्या. मी झोपलेली नसायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले तेव्हा मी विचारलंच. "माझी पिशवी का काढली?"

"कुठली पिशवी?"

"तुम्हाला माहितीय कुठली."

त्यांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ते हसले. डॉक्टरमंडळींनी हे वाचलं तर एवढं करा, अशा वेळी हसू नका. ते म्हणाले, "अहो ताई, अपेंडिक्स काढलंय तुमचं. आतड्याला करंगळीएवढी पिशवी लोंबत असते. घरच्यांना समजावं म्हणून मीच पिशवी म्हटलं. गर्भाशयाला हातसुद्धा लावलेला नाही." नर्सला सांगून त्यांनी तपासणीला पाठवायची बाटली मागवली. आत पाण्यात एक तांबूस, वाकडा तुकडा. वर चिकटवलेल्या कागदावर माझं नाव.

मी बाटली दिव्यासमोर धरली. सवयच ती. तुकडा कशाचा आहे हे मला काय कळणार? आणि नावाचं म्हणाल तर आमच्या कारखान्यात खोक्यांवरची नावं दिवसातून दोनदा अदलाबदल व्हायची. पकडलं गेल्यावर कुणीही हेच सांगेल, असं मनात आलं. मी बाटली परत दिली आणि बरं म्हणाले. बाटली पिवळ्या डब्यात गेली.

आत्याबाई

त्या दिवशी ह्यांची दुपारपाळी होती, ते कामावर गेले. आत्याबाई मला व्हरांड्यात चालवत होत्या. फोनपाशी आल्यावर मी थांबले.

"आत्याबाई, खरं सांगा. माझी पिशवी काढली ना?"

त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुखलं. "कोण म्हणलं तुला?"

"ह्यांनीच भाऊजींना सांगितलं. मी ऐकलं."

"त्याला कुठं काय बोलावं कळत नाय," त्या म्हणाल्या आणि मला बाकावर बसवलं. स्वतः शेजारी बसल्या. मग बोलल्या ते माझ्याकडं न बघताच.

"माझी काढली तवा तुझा नवरा चार वर्साचा व्हता. पोटात दुखायचं. सासऱ्यानं बैलगाडीतून तालुक्याला नेलं. डाक्टर त्याच्याशी बोलला, तुझ्या मामंजीशी बोलला. माझ्याशी कोणच नाय. घरी आणलं. फुडल्या म्हयन्यात पाळी नाय. त्याच्या फुडल्या म्हयन्यात बी नाय. मला वाटलं, दिवस गेले."

त्या थांबल्या. समोरून नर्स गेली, तिला जाऊ दिलं.

"दोन पोरं व्हती. मला पोरगी पायजे व्हती. लई आनंद झाला बग मला. जुन्या लुगड्याचं झबलं शिवलं म्या, बारकं. तीन म्हयन्यानं तुझ्या मामंजीला दाखवलं. तवा ते म्हणले, आगं येडे, तुझी पिशवीच काढलीय, आता कशाची पोरगी?"

"झबल्याचं काय केलं?"

"काय करायचं? कंदिलाची काच पुसायला घेतलं."

मी त्यांचा हात धरला. चार वर्षांत पहिल्यांदा, आपणहून.

"परवा ह्यो डाक्टर बी म्हणला, पिशवी सुजलीय, काढावी लागंल. म्या खालीच बसले. म्या म्हणलं, कंची पिशवी? तो म्हणला, आतड्याची. म्या म्हणलं, काढली की मला दाखव. न्हाय दाखवली तर मी दारातून उठत नाय. बसले की तिथंच, ऑपरेशनच्या दारात. शिस्टर म्हणली, आजी उठा. नाय उठले. मग आणली त्यानं ताटलीत."

"कशी होती?"

"बोटाएवढी. गांडुळागत. टोकाला काळी पडल्याली."

"ती ती नव्हे, हे तुम्हाला कसं कळलं?"

"म्हशीचं आंग, म्हंजी पिशवीच, बाहीर आल्यालं चारदा बगितलंय म्या. केवढं असतं! बाईचं काय बोटाएवढं असंल व्हय?"

मला हसू आलं आणि टाक्यांनी जीव काढला. आत्याबाईंनी घाईनं उशी आणून पोटाशी दिली. मग दोघी तिथंच बसून राहिलो. मला रडायला येत होतं, पण ते आता माझ्यासाठी नव्हतं. मोरीत ओतलेले सगळे काढे आठवत होते.

तरीही खरं सांगते. त्यांच्यावर विश्वास बसला, त्यांनी बघितलेल्यावर बसला नाही. मला धीर यावा म्हणून म्हातारी खोटं बोलत असेल तर? ताटलीत आणून दाखवलं ते दुसरंच असेल तर? ज्या बाईला एकदा फसवलं तिला पुन्हा फसवणं काय अवघड होतं?

अठ्ठाविसावा दिवस

पाचव्या दिवशी घरी सोडलं. आठव्या दिवशी टाके काढले, त्याला मुंगी चावल्याएवढंही दुखत नाही, कुणी घाबरवलं तर ऐकू नका. जड उचलायचं नाही, जखम ओली करायची नाही, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं तर लगेच दाखवायचं, हे सगळं लिहून दिलं होतं. मी ते शब्दन् शब्द पाळलं.

ह्यांना मी सगळं सांगितलं. ते आधी गोंधळले, मग चिडले. "मी तुला न विचारता असं करंन व्हय? डॉक्टर पिशवी म्हणला, मी पिशवी म्हणलं!" त्यांचं चुकलंच होतं, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून मी पुढं बोलले नाही. मोसंबीचं विचारलं तेव्हा म्हणाले, "मग काय, तू मरती का काय वाटलं मला."

मी फक्त दिवस मोजत होते. अठ्ठाविसावा दिवस घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी होता. तो कोरडा गेला. एकोणतिसावा गेला. तिसावा. टाके काढायला गेले तेव्हा डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, ताप, उपास, भूल, ह्यानं मागंपुढं होतं, थोडी वाट बघा. वाट बघा हे आत्याबाईंनाही कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी तीन महिने बघितली होती.

आत्याबाई गावाकडं परत जायचं नाव काढत नव्हत्या. रोज सकाळी आडून विचारावं तसं विचारायच्या, "बरं हाय ना?" मी म्हणायचे, "बरं आहे." त्या आणखी क्षणभर थांबायच्या आणि आत जायच्या. बत्तिसाव्या दिवशी मला कळलं की त्याही मोजतायत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गॅसचं सिलिंडर लावल्याची तारीख लिहितो तिथं, त्यांनी कोळशाच्या बारक्या रेघा ओढल्या होत्या. ज्या बाईनं ताटलीत डोळ्यांनी बघितलं होतं, तिचाही डबा पिवळाच होता.

त्या दिवशी मी खूप घाबरले. त्यांच्या खात्रीवर मी थोडीफार टेकले होते, तीही गेली.

चौतिसावा दिवस गेला. पस्तिसाव्या दिवशी सकाळी मी न्हाणीत गेले आणि मला दिसलं.

चार वर्षं दर महिन्याला मी त्याच न्हाणीत तोंडात पदर कोंबून रडले होते. नळ सोडायचे, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. त्या दिवशीही नळ सोडला, सवयीनं. मग बंद केला. दार उघडून ओरडले, "आत्याबाई! आली!"

त्या भाकऱ्या थापत होत्या. तशाच पिठाच्या हातानं उठल्या. माझ्या तोंडाकडं बघितलं. मी हसतेय की रडतेय ते मलाही कळत नव्हतं.

"खरंच?"

"खरंच. बघायचंय का?"

"गप, येडे," त्या म्हणाल्या आणि पिठाच्या हातानंच माझा चेहरा धरला. मग फळीवरचा गुळाचा डबा काढला. बत्त्यानं खडा फोडला. एवढा मोठा खडा त्यांनी माझ्या तोंडात घातला, एक स्वतःच्या तोंडात टाकला, आणि उंबऱ्यात बसून पदरात तोंड खुपसून रडल्या. मी त्यांना बसू दिलं. मला वाटतं, त्या माझ्यासाठी तेवढ्या रडल्या नाहीत, जेवढ्या त्या झबल्यासाठी रडल्या.

पुढं मूल झालं का, हे तुम्ही विचारणारच. ते मी इथं लिहीत नाही. मला आजवर सगळ्यांनी तेच विचारलंय. ह्या आजारात माझं काय जायचं होतं आणि ते गेलं नाही, एवढंच मला सांगायचंय.

समोरच्या खोलीतली बाई तेव्हा पाणी भरायला बाहेर आली होती. दोघींच्या तोंडात गूळ, दोघींचे डोळे लाल, माझ्या गालांना पीठ. तिनं हंडा खाली ठेवला आणि चार वर्षांची उत्सुकता एका दमात विचारली, "काय वं मावशी, गोड बातमी हाय का?"

मी मान खाली घातली. आत्याबाईंनी पदरानं नाक पुसलं आणि ताठ बसल्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "लई गोड. ये, तू बी गूळ खा."